जाळी उघडून दाखवा म्हणावं

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी पेडणे तालुक्यातली. ब्युटीशियनचा कोर्स करून काही वर्षं कळंगुटच्या एका पार्लरमध्ये काम केलं. आता मांद्र्याला रस्त्याला लागून एक गाळा मिळालाय. चवथ झाली की, सीझन लागायच्या आत, मी आणि माझी मावसबहीण मिळून नेल सलोन सुरू करणार आहोत. पतसंस्थेचं साडेचार लाखांचं कर्ज मंजूर झालंय. सामान विकणारा म्हणतो, पेडिक्युअरच्या दोन व्हर्लपूल खुर्च्या घ्या. पाठीला मसाज, टबात रंगीत लाइट, पाण्याचे फवारे. दोन्हींचे मिळून तीन लाख होतात. त्यावर यूव्हीची (अतिनील प्रकाशाची) पेटी आणि टूल्सचे दोन सेट फुकट देतो म्हणतो. घरच्यांचं म्हणणं, हॉटेलांतलं गिऱ्हाईक येणार, तर खुर्ची झकासच हवी. पाणी बावीचं आहे, नळाला रोज येतंच असं नाही. कशावर खर्च करू आणि कशावर नको? स्वच्छतेवरून कुणी माझ्याकडे बोट दाखवू नये, एवढंच मनात आहे. तुमच्या मुलीच्या वयाची आहे, स्पष्ट सांगा.
— एक वाचक, पेडणे

उत्तर : पत्रातलं शेवटचं मागणं मला सगळ्यात आवडलं, म्हणून तिथूनच सुरुवात करते. स्वच्छतेवरून कुणी बोट दाखवू नये असं वाटत असेल, तर त्या खुर्च्या घेऊ नकोस. तीन लाख तिथे घातलेस की ऑटोक्लेव्हला, म्हणजे दाबाखालच्या वाफेने टूल्स निर्जंतुक करायच्या यंत्राला, पैसे उरणार नाहीत, आणि पेडिक्युअरच्या धंद्यात पहिला खर्च ऑटोक्लेव्हवर व्हायला हवा. माझी सगळी नोकरी इस्पितळात, ऑपरेशनची हत्यारं निर्जंतुक करायच्या खोलीत गेली. हल्ली सलोनवाल्या मुलींना तेच काम शिकवते. त्यामुळे खुर्ची झकास दिसते की नाही याकडे माझं लक्ष जातच नाही. ती आतून धुता येते का, ते मी आधी बघते.

विक्रेता पुन्हा येईल, तेव्हा तुला त्याच्याशी बोलता आलं पाहिजे, म्हणून खुर्चीचं नीट समजून घे. व्हर्लपूल टबात पाणी नुसतं साठत नाही, ते फिरतं. टबाच्या बाजूला एक जाळी असते. तिच्यातून पंप पाणी ओढतो, आतल्या पाइपांतून फिरवतो आणि फवाऱ्यांच्या भोकांतून पुन्हा टबात सोडतो. गिऱ्हाइकाच्या पायाची सुटलेली कातडी, केस, स्क्रबचे कण, तेल हे सगळं त्या जाळीतून आत जातं. टब रिकामा केला तरी पाइपांत थोडं पाणी राहतंच. त्या ओलाव्यात जंतू पाइपाला चिकटून बुळबुळीत थर धरतात, आणि वरून ओतलेलं जंतुनाशक त्या थराच्या आतपर्यंत पोचत नाही. तू टब आरशासारखा घासलास तरी पुढच्या बाईच्या पायाला लागणारं पाणी त्या न दिसणाऱ्या पाइपातूनच येणार.

हे घडून गेलेलं आहे. २००० साली कॅलिफोर्नियातल्या वॉटसनव्हिल गावात एकाच नेल सलोनच्या शंभराहून जास्त गिऱ्हाइकांच्या गुडघ्याखाली गळवं उठली. साध्या गळवासारखी ती फुटून बरी होईनात. महिनोन्‌महिने राहिली, कित्येकींना वण ठेवून गेली. जंतू निघाला मायकोबॅक्टेरियम फॉर्च्युइटम. हा क्षयाच्या जंतूच्या गोतातला, पण माती-पाण्यात राहणारा, नळाच्या पाण्यातही सापडणारा. तपासणाऱ्यांनी टबांच्या जाळ्या काढल्या, तेव्हा मागे केस आणि कातडीचा गाळ साचलेला होता. २००२ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये ही सगळी हकीकत छापून आली. त्यात आणखी एक गोष्ट दिसली : पेडिक्युअरच्या आधी ज्यांनी पायांवर रेझर फिरवला होता, त्यांना लागण होण्याचा धोका कितीतरी जास्त होता. रेझरने कातडीला बारीक ओरखडे पडतात, डोळ्यांना दिसतही नाहीत, आणि जंतूला तेवढी वाट पुरते. बीचवर जायचं म्हणून सकाळी शेव्ह करून दुपारी पेडिक्युअरला येणाऱ्या बायका तुझ्याकडे येणारच. त्यांच्यासाठी दाराशीच मराठी, कोंकणी आणि इंग्रजीत पाटी लाव : त्याच दिवशी शेव्हिंग किंवा वॅक्सिंग झालं असेल, तर पाय पाण्यात बुडवणार नाही.

म्हणून विक्रेत्याला एवढंच सांग, की जाळी उघडून दाखवा, आणि तिच्यामागचा पाइप शेवटपर्यंत कसा घासायचा तेही दाखवा. दाखवता आलं नाही, तर विषय संपला. तो ‘पाइपलेस’ खुर्ची पुढे करील. तिच्यात पाइप नसतात, एक छोटा पंखा टबातलं पाणी ढवळतो. ती बरी, हे मी नाकारत नाही. पण तो पंखा आणि त्याचं झाकण प्रत्येक गिऱ्हाइकानंतर काढून, घासून परत बसवायला हवं. डिसेंबरात चारजणी बाकावर थांबलेल्या असताना थकलेल्या हातांनी ते होईल का, याचा विचार दुकानात उभी असतानाच कर.

मग घ्यायचं काय? स्टेनलेस स्टीलचं साधं टब. एकाच पत्र्यातून दाबून काढलेलं, आत जोड नाही, कोपरे गोल, कडा आत दुमडलेली नाही. कडा दुमडलेली असली की त्या घडीत साबण आणि मळ बसतो. घ्यायच्या आधी आत बोट फिरवून बघ. मोठ्या माणसाचं पाऊल सपाट मावलं पाहिजे, म्हणजे आतली लांबी निदान चाळीस सेंटिमीटर हवी. स्पामध्ये तांब्या-पितळेचं घंगाळ ठेवायची आता फॅशन आहे, दिसतंही फार देखणं. पण त्याच्या कड्यांचे रिबिट आणि ठोक्यांच्या खळग्यांत घाण धरते, आणि क्लोरीनने तांबं काळवंडतं. फुलं घालून दारात ठेव हवं तर, पाय धुवायला नको.

एका खुर्चीमागे टब दोन. हे खर्चिक वाटेल, पण वेळेचं गणित त्यावरच बसतं. गिऱ्हाईक उठलं की टब रिकामं करायचं, साबण आणि ब्रशने घासायचं, साबण पूर्ण जाईपर्यंत खळखळून धुवायचं, मग जंतुनाशक भरून लेबलावर दिलेला वेळ ठेवायचं. बहुतेक औषधांना दहा मिनिटं लागतात. नंतर पुन्हा धुऊन पालथं घालायचं. साबण आधी नीट काढण्याला कारण आहे. बेंझाल्कोनियमसारखी जी जंतुनाशकं पार्लरांत वापरतात, त्यांची ताकद साबणाने आणि मळाने मरते. साबणाच्या फेसातच औषध ओतलं, तर दहा मिनिटं ठेवून उपयोग शून्य. दुसरं टब हाताशी नसेल, तर ती दहा मिनिटं आपोआप तीन होतात. मी शिकवायला जाते तिथे सगळ्यात जास्त हेच दिसतं. मुली आळशी नसतात, त्यांच्याकडे भांडं एकच असतं.

पॉलिथिनची पिशवी टबाला आतून लावायची, असंही सामानवाला सुचवील. पिशवी लावली तरी टब धुवावं लागतंच, ती फाटते, गळते. वर दिवसाला डझनभर ओल्या पिशव्या निघणार आणि त्या पंचायतीच्या कचऱ्यात जाणार. मला ती पटत नाही. धुता येणारं टब असेल तर पिशवीची गरज नाही.

बावीच्या पाण्याचं लिहिलंस ते बरं केलंस. आपल्याकडे जांभ्या दगडातल्या कितीतरी बावींच्या पाण्यात लोह असतं. अशा पाण्यात ब्लीच (जंतुनाशक म्हणून वापरायचं हायपोक्लोराइटचं द्रावण) घातलं की पाणी तांबूस होतं, आणि क्लोरीन जंतू मारायच्या आधी लोहातच खर्ची पडतो. तेव्हा पाणी प्रयोगशाळेत तपासून घे आणि फिल्टर बसवून घे. टबासाठी ब्लीच वापरणार असशील तर प्रमाण लक्षात ठेव : पाच टक्क्यांचं हायपोक्लोराइट असेल तर एक लिटर पाण्यात वीस मिलिलिटर. रोज सकाळी ताजं करायचं, कालचं ओतून द्यायचं. आपल्या उकाड्यात आणि उजेडात त्याची ताकद लवकर उतरते, म्हणून बाटली काळोखात ठेव. स्टीलवर जास्त वेळ राहिलं तर खड्डे पडतात, त्यामुळे दहा मिनिटांनंतर लगेच धुऊन टाक. आणि ब्लीचच्या बादलीत संडास धुवायचं ॲसिड कधीही, चुकूनही जाऊ देऊ नकोस. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद गाळ्यात तो जिवावर बेततो. मावसबहिणीलाही हे शब्दशः सांगून ठेव. गाळ्याचं सांडपाणी कुठे जातं तेही बघ. सोकपिट, म्हणजे सांडपाणी जिरवायचा खड्डा, बावीजवळ असेल, तर नळकाम सुरू करायच्या आधीच मालकाशी बोल.

आता ऑटोक्लेव्ह. टूल्स उकळली, स्पिरिटने पुसली, यूव्हीत ठेवली, असं तुला पुष्कळजणी सांगतील. उकळतं पाणी शंभर अंशांवर अडतं, आणि त्यात बीजाणू, म्हणजे कवचात दडून बसलेले जंतू, जिवंत राहतात. स्पिरिटचंही तेच. यूव्हीचं पुढच्या उत्तरात सांगते. ऑटोक्लेव्हमध्ये वाफ दाबाखाली १२१ अंशांपर्यंत जाते, दाब साधारण पंधरा पौंड, आणि तिथे पोचल्यानंतर पंधरा ते वीस मिनिटं ठेवायचं. १३४ अंशांवर तीन-चार मिनिटं पुरतात. घरच्या कुकरमध्येही दाब असतो, मग तो का नको, असं मला दर वर्गात कुणीतरी विचारतं. कुकरमधली हवा सगळी निघाली की नाही ते कळत नाही. हवा राहिली तिथे वाफ पोचत नाही, आत किती अंश झाले तेही दिसत नाही, आणि टूल्स ओलीच बाहेर येतात. कुकर भातासाठी ठेव.

यंत्र घेताना ‘क्लास’ विचार. ‘एन’ क्लासचं यंत्र उघड्या टूल्सपुरतं असतं. ‘बी’ क्लासचं आधी हवा ओढून काढतं, म्हणून पाकिटात बंद केलेली टूल्सही त्यात निर्जंतुक होतात आणि शेवटी वाळतात. तुला ‘बी’ हवं, कारण पाकीट गिऱ्हाइकासमोर फोडायचंय. ते महाग पडेल. म्हणून तर ते खुर्चीचे पैसे वाचवायचे. अठरा लिटरचं तुझ्या दोन खुर्च्यांना भरपूर होईल. खरेदी मात्र ब्युटीच्या सामानवाल्याकडून करू नकोस. तुझ्या दाताच्या डॉक्टरांना विचार, त्यांचं यंत्र कुठलं आणि बिघडल्यावर दुरुस्तीला कोण येतं. मांद्र्यापर्यंत दोन दिवसांत येणारा मेकॅनिक नसेल, तर कितीही चांगलं यंत्र असो, सीझनमध्ये तुला टूल्सशिवाय बसावं लागेल. पाणी डिस्टिल्ड घाल. बावीचं घातलंस तर आतल्या भिंतींवर आणि टूल्सवर डाग धरतील. इलेक्ट्रिशियनकडून सोळा अँपिअरचा वेगळा पॉइंट आणि चांगलं अर्थिंग करून घे. गीझर आणि ऑटोक्लेव्ह एका लायनीवर नकोत.

यंत्राइतकंच महत्त्वाचं त्याच्या आधीचं धुणं, आणि इथे मला थोडं सविस्तर सांगू दे. क्युटिकल निपर, म्हणजे नखाभोवतीची कातडी कापायचं टूल, हातात घे. त्याची बिजागरी पूर्ण उघड. दोन पात्यांच्या मधल्या फटीत, स्प्रिंगच्या खाली, पांढुरकी रेघ दिसते ती कातडी. ती वाफेत शिजते, निघत नाही, आणि तिच्याखालचा जंतू वाचू शकतो. म्हणून गिऱ्हाईक झालं की टूल्स कोरडी पडू द्यायची नाहीत. झाकणाच्या डब्यात साबणपाण्यात टाकायची. मग जाड ग्लोव्ह्ज घालून, ब्रश पाण्याच्या पातळीखाली धरून घासायचं, म्हणजे तुषार तोंडावर उडत नाहीत. धुऊन, पुसून, बिजागरी उघडी ठेवूनच पाकिटात भरायचं. पाकिटं यंत्रात एकावर एक थापायची नाहीत, उभी लावायची, वाफेला फिरायला जागा हवी. बाहेर आलेलं पाकीट ओलं असेल तर ते निर्जंतुक धरायचं नाही. ओल्या कागदातून जंतू आत शिरतात. ते पुन्हा लावायचं. पाकिटावरची पट्टी रंग बदलते, तिचा अर्थ एवढाच की वाफेचा ताप लागला. आतले जंतू खरंच मेले का, हे बघायला बीजाणूंची पट्टी मिळते. ती टूल्सच्या भाराबरोबर आत ठेवून नंतर तपासतात. महिन्यातून एकदा तरी ती कर आणि निकाल वहीत तारखेनिशी लिहून ठेव. कुणी बोट दाखवलंच, तर ती वही पुढे कर.

टूल्सच्या फुकट सेटवर भुलू नकोस. दोन खुर्च्या, प्रत्येकीवर दिवसाला सहा गिऱ्हाइकं, म्हणजे बारा सेट लागणार. दुपारी एक भार लावलास तर सकाळचे सहा संध्याकाळी परत मिळतात. वीज गेली, निपर खाली पडला, कुणी अचानक आलं, असं सगळं धरून आठ सेट घे, जमलं तर दहा. घाई होते ती सेट कमी पडल्यामुळे, आणि घाईत मग टूल पुसून पुढच्या बोटाला लागतं. पूर्ण स्टेनलेसची घे. क्रोमचा मुलामा दिलेली लोखंडी टूल्स आपल्या खाऱ्या हवेत बिजागरीपासून गंजतात, आणि गंजाच्या खरखरीत जागी मळ बसतो. लोहचुंबक लावून परीक्षा करू नकोस. धारेच्या टूल्ससाठी लागणारं कडक स्टेनलेसही चुंबकाला चिकटतं. एकच टूल नमुन्याला आण, ओल्या फडक्यात रात्रभर गुंडाळून ठेव. सकाळी बिजागरीत तांबडं दिसलं तर बाकीची घेऊ नकोस.

जे सच्छिद्र आहे, ते दुसऱ्या माणसाला वापरायचं नाही : कागदी फाइल, बफर, प्युमिस (टाच घासायचा दगड), लाकडी काडी, बोटांमध्ये घालायचा फोम. एक गिऱ्हाईक, मग कचरा, किंवा तिचं तिला घरी देऊन टाक. त्यांना ते आवडतं. टाचेसाठी धातूची किसणी घे, ती ऑटोक्लेव्हमध्ये जाते. घट्टे तासायचं पातं मात्र दुकानात आणूच नकोस. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत त्यावर बंदी आहे, आणि इथे कायदा काय म्हणतो याची वाट बघायचीही गरज नाही. त्या पात्याने कातडी किती खोल निघतेय ते हाताला कळत नाही. रक्त आलंच, तर ग्लोव्ह्ज घालून दाब, टूल बाजूला, खुर्ची थांबव. हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तात निदान सात दिवस तगून राहतो. तुम्ही दोघींनी सुरू करायच्या आधीच त्याची लस घ्या. तीन डोस असतात, शून्य, एक आणि सहा महिन्यांनी. म्हणजे पहिला आजच घ्यायला हवा.

खुर्ची साधी, पुसता येईल अशी, शिवणी कमी असलेली. तिच्याखाली सुताराकडून ओटा करून घे, म्हणजे गिऱ्हाईक उंच बसेल आणि तुझी कंबर मोडणार नाही. तुला चाकांचं, उंची बदलता येणारं स्टूल हवं. टबाशेजारी हँड शॉवरचा नळ आणि पाणी वाहून जायला जमिनीत ट्रॅप करून घे. भरलेलं टब उचलून मोरीपर्यंत न्यायचं काम दोन आठवड्यांत तुला नकोसं होईल आणि मग पाणी बदलायची टाळाटाळ सुरू होईल.

टॉवेलांचं एक सांगायचं राहिलं. आषाढ-श्रावणात आपल्याकडे टॉवेल वाळत नाही, त्याला कुबट वास येतो, आणि त्याच सुमाराला पायांना चिखल्या झालेली गिऱ्हाइकं येतात. चिखल्या म्हणजे बुरशी, ती ओल्या कापडातून पसरते. गरम पाण्यात धुऊन ड्रायरमध्ये वाळवता आले तर कापडी टॉवेल ठेव, नाहीतर पावसाळ्यापुरते एकदाच वापरायचे घे. आणि बोटांमध्ये चिखल्या, नखुरडं किंवा उघडी जखम दिसली, तर पेडिक्युअर करायचं नाही. बरं झाल्यावर या, असं गोड बोलून सांग.

प्रश्न : माझ्या पार्लरमध्ये निळ्या दिव्याची ‘यूव्ही स्टरिलायझर’ पेटी आहे. टूल्स धुऊन त्यात अर्धा तास ठेवते. पुरेसं आहे ना?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : नाही. जंतू मारणारा यूव्ही-सी प्रकाश सरळ रेषेत जातो. टूलच्या खालच्या बाजूला, बिजागरीत, एकावर एक ठेवलेल्या टूल्सच्या सावलीत तो पोचत नाही. शिवाय दिवा जुना होत जातो तशी त्याची ताकद उतरते, पण निळा उजेड दिसत राहतो, त्यामुळे बाहेरून काही कळत नाही. स्वस्त पेट्यांत तर नुसता निळा एलईडी असतो. जेल पॉलिश सुकवायचा दिवाही यूव्हीचा म्हणून काही मुली त्यात टूल्स ठेवतात. त्यातला यूव्ही-ए, तो जेल कडक करण्यासाठी असतो, जंतू मारण्यासाठी नाही. पेटी फेकू नका. ऑटोक्लेव्हमधून आलेली बंद पाकिटं ठेवायला धूळ न लागणारं कपाट म्हणून ती चांगली आहे, दिवा बंद ठेवून. काचेच्या मण्यांच्या तापणाऱ्या भांड्याबद्दलही पुष्कळजणी विचारतात : त्यात फक्त टोक तापतं, बाकीचं टूल नाही.

प्रश्न : आईला बरीच वर्षं मधुमेह आहे. टाचांना भेगा पडल्यात. वाढदिवसाला तिला चांगल्या सलोनमध्ये पेडिक्युअर करून आणावं असं मनात आहे. चालेल का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : आधी तिच्या डॉक्टरांना तिचे पाय दाखवा. तळव्यांची संवेदना कमी झाली असेल, तर पाणी किती गरम आहे ते तिला कळणार नाही. किसणीने कातडी सोलली तरी दुखणार नाही, आणि घरी आल्यावर जखम दिसेल. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) पाहणीत मधुमेहाचं प्रमाण देशात सगळ्यात जास्त गोव्यात निघालं, २६.४ टक्के. म्हणजे आपल्याकडे सलोनच्या खुर्चीत बसणाऱ्या चौघींत एखादी आईसारखीच असू शकते. म्हणून पेडण्याच्या मुलीलाही इथेच सांगते : पाय पाण्यात घालायच्या आधी, शुगर आहे का, हे प्रत्येकीला विचारायचं आणि वहीत लिहायचं.

डॉक्टरांनी होकार दिला, तर सलोनमध्ये चार गोष्टी आधीच ठरवून घ्या. पाय भिजवायचे नाहीत, ओल्या फडक्याने पुसायचे. पातं नाही, किसणी नाही, क्युटिकल कापायचं नाही. नखं सरळ कापायची, कोपरे आत कोरायचे नाहीत. टूल्सचं पाकीट तुमच्या डोळ्यांसमोर फोडायचं. भेगांना रात्री युरियाचं मलम लावा, पण बोटांच्या मधे नको, तिथे ओलावा धरून बुरशी होते. एखाद्या भेगेतून रक्त किंवा पाणी येत असेल, तर वाढदिवसापर्यंत थांबू नका, डॉक्टरांकडे आजच न्या.